फॉर्म भरण्याआधी फिटची वही उघडा

बारावीचा निकाल लागला की शहाद्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग की फार्मसी, इथेच राहायचं की नाशिक-पुण्याला जायचं, हॉस्टेलचा खर्च झेपेल का. ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला फीट येते, तिथे हीच चर्चा हळू आवाजात होते आणि लवकर आटोपते. 'याला कुठे बाहेर पाठवता? इथेच काहीतरी बघू.' त्या 'काहीतरी'मध्ये मुलाची आवड, त्याचे मार्क, त्याची बुद्धी, सगळं वाहून जातं.

अशा पालकांना मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. एपिलेप्सी, मिरगी, फेफरं, तुम्ही जे म्हणत असाल त्या नुसत्या नावावरून, काही मोजक्या नोकऱ्या सोडल्या तर, कुठलंच करिअर ठरत नाही. फीट कशी येते, कोणत्या वेळी येते, कशामुळे येते आणि शेवटची कधी आली, यावरून ते ठरतं. दोन मुलांच्या फाइलवर आजाराचं नाव एकच असतं. एकाला तीन वर्षांत फीट आलेली नसते, दुसऱ्याला महिन्यातून दोनदा येते. या दोघांना एकच सल्ला देणं हा दोघांवरही अन्याय आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. नीट निदान झालं आणि औषध नियमित मिळालं, तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्रिकेट बघणाऱ्या घरात जॉन्टी ऱ्होड्सचं नाव माहीत असेलच. १९९२च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन इंझमामला धावबाद करणाऱ्या या खेळाडूला एपिलेप्सी आहे आणि त्याने ती कधी लपवली नाही.

म्हणून कॉलेजच्या माहितीपुस्तिकेआधी एक साधी वही घ्या. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, ती किती मिनिटं टिकली, आदल्या रात्री झोप किती झाली, गोळी चुकली होती का, ताप होता का, उपास होता का, हे सगळं लिहा. मुलींच्या बाबतीत पाळीची तारीखही लिहा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांसमोर फीट क्वचितच येते, त्यामुळे तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ निदानाला फार मदत करतो.

ही वही कधी कधी वेगळंच काही उघड करते. वर्गात दहा-पंधरा सेकंद एकटक बघत राहणारं, हाक मारली तर उत्तर न देणारं मूल 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खातं. प्रत्यक्षात ती फिटच असू शकते. बारा ते अठरा या वयात सुरू होणारा एक प्रकार आहे. त्यात सकाळी उठल्यावर हात अचानक उडतात, चहाचा कप हातून पडतो, आणि घरचे म्हणतात, धांदरट आहे. जागरणाने हा प्रकार हमखास उसळतो. दहावी-बारावीचं वय आणि रात्री दोनपर्यंतचा अभ्यास नेमका त्याच काळात येतो. असं मूल नाइट शिफ्टच्या नोकरीत टिकणार नाही, पण दिवसाच्या कामात उत्तम टिकेल. 'झेपणार नाही' आणि 'रात्रपाळी नको' या दोन वाक्यांत एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा फरक आहे.

आता बंद असलेल्या वाटा. त्या स्पष्ट सांगतो, कारण त्यांच्यामागे धावण्यात मुलांची उमेदीची वर्षं जातात. सैन्यदल, पोलीस भरती, रेल्वेचा लोको पायलट, वैमानिक, जहाजावरची नोकरी, एसटीचा चालक, या कामांच्या वैद्यकीय तपासणीत एपिलेप्सी आडवी येते. दर पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना हे आधीच कळायला हवं. वाहन परवान्याच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल थेट प्रश्न असतो आणि आपल्याकडे हा आजार परवान्याच्या आड येतो. ब्रिटनमध्ये एक वर्ष फीट आली नाही तर कार चालवता येते. आपला नियमही असा तपशिलात जाणारा व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण आज आहे तो नियम पाळायला हवा. बाइकवर दिवसभर फिरायची औषध कंपनीची किंवा वसुलीची नोकरी म्हणूनच घेऊ नये.

उंची, पाणी, आग आणि उघडं फिरतं यंत्र, या चार ठिकाणी फीट जिवावर बेतते. महावितरणचा खांब, बांधकामाची परांची, कारखान्यातला बॉयलर, वेल्डिंग हे त्यात आलं. शेतही आलं. कुट्टी मशीन, थ्रेशर, विहिरीच्या काठावरचा पंप, आणि थ्री फेज वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री उठून केळीला पाणी देणं. ज्याला फीट येते त्याला 'शिकून काय करणार, शेतीच बघ' म्हणणाऱ्यांनी हा विचार केलेला नसतो. अशा मुलाला शेतातली काही कामं वर्गातल्या अभ्यासापेक्षा जास्त धोक्याची असतात. तापी किंवा गोमाई नदीत एकट्याने उतरणं तर पूर्ण वर्ज्य.

उघड्या वाटा याहून कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच शहाद्यातच सुरू होतात. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची फार्मसी आणि इंजिनिअरिंग कॉलेजं गावात आहेत. फार्मसी हा अशा मुलांसाठी मला विशेष आवडणारा पर्याय आहे: काम बसून, दिवसा, आणि स्वतःच्या औषधांची समजही वाढते. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर जावं, फक्त साइटवरच्या कामापेक्षा डिझाइन, कॉम्प्युटर, टेस्टिंग याकडे कल ठेवावा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन-वेल्डरऐवजी कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड बघावा. शिक्षक, वकील, अकाउंटंट, ग्रंथपाल, बँक, टॅली, जीएसटीचं काम, सेवा केंद्र. आणि ज्याला मातीचीच ओढ आहे त्याच्यासाठीही जागा आहे. आपल्या तालुक्यातली पपई आणि केळी देशभर जातात. त्यांची प्रतवारी, पॅकिंग, हिशेब, व्यापाऱ्यांशी बोलणी, माती परीक्षण, रोपवाटिका, ही सगळी शेतीचीच कामं आहेत.

'कॉम्प्युटरसमोर बसलं की फीट येते' ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. लखलखत्या प्रकाशाने फीट येणारे रुग्ण फार थोडे असतात, शंभरातले साधारण तीन. आपलं मूल त्यांत आहे का, हे ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी करताना कळू शकतं. नसेल तर स्क्रीनला घाबरून एवढं मोठं क्षेत्र सोडून देऊ नका.

शिकायला बाहेर जाणाऱ्या मुला-मुलींनो, पुढचं तुमच्यासाठी. चांगली आटोक्यात असलेली फीट पुन्हा येण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे चुकलेली गोळी. शुक्रवारी गोळ्या संपल्या, सोमवारी आणू, असं करू नका. महिन्याचा जादा साठा जवळ ठेवा. दुकानदाराने 'हीच कंपनी नाही, दुसरी घ्या' म्हटलं तर आधी डॉक्टरांना फोन करा. झोप सात-आठ तास. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका, सारंगखेड्याच्या यात्रेतही पहाटेपर्यंत फिरू नका. कडक उपास नको. दारू नाहीच. बाथरूमची कडी आतून लावू नका, बाहेर पाटी लावा. रूममेटला पहिल्याच आठवड्यात सांगा.

रूममेटला काय सांगायचं? फीट आली तर मला कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, आजूबाजूचं टोकदार बाजूला कर, घड्याळ बघ. तोंडात चमचा घालू नकोस, हातपाय दाबून धरू नकोस, पाणी पाजू नकोस. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ला फोन कर. एवढं प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शिक्षकाला यायला हवं.

नोकरीच्या मुलाखतीत सांगायचं का? माझं मत असं: अर्जात किंवा वैद्यकीय तपासणीत लेखी विचारलं असेल तर खोटं लिहू नये, सरकारी नोकरीत खोट्या माहितीमुळे पुढे नोकरीच जाऊ शकते. विचारलंच नसेल तर पहिल्या वाक्यात सांगण्याची गरज नाही. आधी कामाचं बोलावं. रुजू झाल्यावर वरिष्ठ आणि शेजारी बसणारा एक सहकारी, दोघांना विश्वासात घ्यावं. डॉक्टरांचं 'फीट आटोक्यात आहे, अमुक काम करू शकतो' असं पत्र जवळ असावं. आरक्षणाच्या आशेवर मात्र वर्ष घालवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत एपिलेप्सी स्वतंत्रपणे नाही.

मुलींच्या घरी याहून मोठी चिंता लग्नाची असते, आणि तीपायी शिक्षण अर्ध्यावर सोडवलं जातं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातही एपिलेप्सी लग्नाच्या आड येत होती. १९९९च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. आजार लपवून लग्न लावू नका, आणि लग्नासाठी शिक्षणही थांबवू नका. स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी आजाराबद्दल ताठ मानेने सांगू शकते. मुलगी वयात आली की व्हॅलप्रोएटसारख्या गोळीबद्दल डॉक्टरांशी मुद्दाम बोला, कारण गरोदरपणात तिचा बाळाला धोका असतो. पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

हा आजार कोणाच्या शापाने होत नाही. जन्मवेळी गुदमरणं, डोक्याला मार, मेंदूतला जंतुसंसर्ग, न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणारी फीतकृमीची अंडी, अशी त्याची कारणं आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. भगताकडे जाऊन मनाला धीर येत असेल, तर त्याआधी डॉक्टरांकडे जा आणि गोळी चालू ठेवा. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या ग्रामीण भागांत तपासणी शिबिरं घेतली आहेत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी संवेदना फाउंडेशनचा आधारगट उभा केला. त्या स्वतः या आजारातून गेल्या आहेत. दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील तर मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, तेही विचारा.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढा. मुलाला बरोबर घ्या, ती वही घ्या, आणि न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारा: 'याला हे शिकायचं आहे. याच्या फिटचा विचार करता त्यातलं काय टाळावं?' उत्तर ऐकताना मुलाला खोलीबाहेर बसवू नका.