जलाशयात होडीचे इंजिन अकस्मात बंद पडल्यास

होडीच्या मागे लावलेले पेट्रोल इंजिन मध्येच बंद पडले, तर दोरी ओढीत बसू नये. प्रथम नांगर टाकावा. नाहीतर वाऱ्याने होडी खडकावर जाते. मग इंजिन कसे थांबले ते आठवावे.

गचके देत थांबले असल्यास पेट्रोल पोचत नाही असे समजावे. पुष्कळदा टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रूच बंद राहिलेला असतो. कारण क्षुल्लक, पण इंजिन खोलेपर्यंत ते कोणी पाहत नाही! स्क्रू सैल करून नळीवरील हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल शोषते, म्हणून गाळणीत पाणी आहे काय तेही पाहावे.

एका क्षणात थांबल्यास सुरक्षा-दोरीचा चिमटा निसटला असेल. नसल्यास प्लगची ठिणगी तपासावी.

जड होऊन थांबल्यास पंख्यात जाळे गुंतले असावे. चिमटा काढल्याशिवाय तेथे हात घालू नये.