लॅटिन घेऊन पुढे काय?

न्यू जर्सी असो की लंडन, मराठी घरातल्या मुलाने शाळेत लॅटिन निवडले की आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: याचा पुढे उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. केवळ लॅटिनवर पोट भरणारे थोडेच असतात: शिक्षक, प्राध्यापक, जुन्या दस्तऐवजांचे अभ्यासक. डॉक्टर व्हायचे म्हणून लॅटिन शिकणे हा तर मला द्राविडी प्राणायाम वाटतो. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच देण्याची सक्तीसुद्धा २०१२ पासून उठली.

तरीही ज्याला भाषेचे कोडे सोडवायला आवडते, त्याला अडवू नका. संस्कृतची रूपे चालवलेल्या मुलाला इथे फार परके वाटणार नाही. द्विवचन नाही, आणि तृतीया-पंचमीची बरीच कामे एकच विभक्ती करते. खरी मेहनत व्हर्जिलच्या ‘ईनिड’पाशी सुरू होते. तिथे विशेषण ओळीच्या आरंभी, तर त्याचे नाम पार शेवटी सापडते. प्रत्यय जुळवून अन्वय लावल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये. अन्वय लागल्यावर रसग्रहण: कवीने ते दोन शब्द इतके लांब का ठेवले, त्यांच्यामध्ये काय बसवले? ओळीत सहा गण, पाया गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भ गण. पहिल्या चार गणांत दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. गुरू वाढले की ओळ जड होते. ती तिथेच का जड झाली, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

बरीच मुले मात्र नेमलेल्या उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर घोकतात. ब्रिटनच्या ए लेव्हलला आणि अमेरिकेतल्या एपी परीक्षेला न वाचलेला उताराही येतो, तिथे हे पाठांतर उघडे पडते. त्यापेक्षा रोज चार-पाच अनोळखी ओळी घ्याव्यात. आधी क्रियापद शोधावे, मग कर्ता, आणि कोश अगदी शेवटी उघडावा. पालकांना लॅटिन येत नसले तरी ‘हा शब्द कर्ता कशावरून?’ एवढे विचारता येतेच.

शाळेत लॅटिन नव्हते म्हणून हळहळणाऱ्यांसाठी एक माहिती: केंब्रिजमध्ये क्लासिक्सचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, तो लॅटिनची पाटी कोरी असलेल्यांनाही खुला आहे. अर्ज भरण्याआधी तो जरूर पाहा.