नावाची मिल्कियत की नावाचे भाडे?

कापडाच्या धंद्यात थानावरची छाप ही व्यापाऱ्याची अर्धी पुंजी असते. गिऱ्हाईक माल उलगडण्याआधी छाप पाहते. म्हणून "ब्लॉकचेनवर आपल्या नावाचे मालक व्हा" असे सांगून कोणी नाव विकू लागला, तर तो व्यवहार आधी नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

ब्लॉकचेन ही एक खातेवही आहे. तिच्या सारख्याच नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, त्यामुळे एकट्यादुकट्याला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. इथेरियम नावाच्या अशा वहीत पैसे घेण्याचा पत्ता 42 अक्षर-अंकांचा असतो. पत्ता चुकला तर गेलेली रक्कम परत आणून देणारा कोणी नसतो. म्हणून 2017 साली 'इथेरियम नेम सर्व्हिस' सुरू झाली. तिच्यात लांबलचक पत्त्याऐवजी 'डॉट ईटीएच' असे शेपूट असलेले सोपे नाव सांगता येते. क्रिप्टो चलनाविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला मुफ्तींना विचारावा. येथे विचार फक्त नावाचा आहे.

पहिला सवाल असा की ही मिल्कियत आहे की इजारा, म्हणजे भाडे? 2019 पासून या नावांना वार्षिक आकार लागू झाला. पाच वा अधिक अक्षरांच्या नावाला तो वर्षाला 5 डॉलर ठरला, व्यवहाराचा खर्च निराळा. मुदत संपल्यावर 90 दिवसांची सवलत मिळते. तीही गेली की नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. याला मालकी कसे म्हणावे?

काही कंपन्या एकदाच पैसे घेऊन कायमचे नाव देतात. त्यातही खोच आहे. 'अनस्टॉपेबल डोमेन्स' या कंपनीने 2022 साली आपली 'डॉट कॉइन' नावे बंद केली, कारण तेच शेपूट दुसऱ्या एका ब्लॉकचेनवर आधीपासून चालू होते. वहीत नोंद राहिली, पण कंपनीने ते नाव ओळखणे सोडले. नावाची किंमत ते ओळखणाऱ्यांवर असते.

दुसरी गोष्ट किल्लीची. नाव ज्या पाकिटात असते, त्याची किल्ली 12 किंवा 24 शब्दांची असते. हे शब्द हरवले की नाव गेले. चोराच्या हाती लागले की नाव चोराचे. न्यायालयाचा हुकूम माणसावर बजावता येतो, पण वहीतली नोंद किल्लीशिवाय बदलत नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांनी क्रम उलटा करू नये. आधी आपली छाप 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदवावी. कापडासाठी वर्ग 24 आणि तयार कपड्यांसाठी वर्ग 25 आहे. नोंदणी 10 वर्षांची असते व पुढे वाढवता येते. या नोंदणीला कायद्याचा आधार आहे. सत्यम इन्फोवे खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले.

त्यानंतर हवे असल्यास ब्लॉकचेनवरचे नाव जरूर घ्यावे. किल्लीचे शब्द कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत, मोबाईलमध्ये नकोत. मुदतीची तारीख वहीत टिपून ठेवावी आणि घरातील एका विश्वासू वारसाला दोन्हींची कल्पना द्यावी. नाहीतर वडिलांनी कमावलेले नाव मुलांच्या हाती येणार नाही.