दुसऱ्यांची लेकरे सांभाळताना

दिव्य कुरआनाच्या सूरह यूसुफमध्ये एका पित्याकडे मुलाला सहलीला नेण्याची परवानगी मागितल्याचा प्रसंग आला आहे (आयत 11 ते 14). ह. याकूब (अ.) यांची थोरली मुले त्यांना विचारतात, की यूसुफच्या बाबतीत आपला आमच्यावर विश्वास का नाही? उद्या त्याला आमच्यासोबत पाठवावे, तो खाईल, खेळेल, आणि त्याचे रक्षण करायला आम्ही आहोतच. पिता मनातील दोनच गोष्टी बोलून दाखवितो. त्याच्या जाण्याने मला दुःख होईल, आणि तुमचे लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल याची धास्ती वाटते. यावर मुलांचे उत्तर असे, की आम्ही एवढे जण असताना लांडग्याने त्याला खाल्ले तर आम्ही अगदीच निकामी ठरू. पुढे काय घडले ते आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे.

भावाभावांतील मत्सराचा धडा म्हणून आपण हा प्रसंग वाचतो, आणि तो तसा आहेच. परंतु या महिन्यात तो दुसऱ्या एका बाजूने वाचण्याची गरज आहे. औरंगपुऱ्यातील वह्या-पुस्तकांच्या दुकानांत जूनमध्ये गर्दी करणारे पालक मे महिन्यात वेगळ्याच विवंचनेत असतात : एवढ्या लांब सुटीत मुलांचे करावे काय? कोणी त्यांना आजोळी धाडतो, कोणी उन्हाळी शिबिरात नाव घालतो. शिबिरात मुलांना सांभाळतात ते बहुधा अठरा-वीस वर्षांचे तरुण. कोणी मदरशात शिकणारा, कोणी महाविद्यालयात. आमच्या परिसरातील शिबिरात दर उन्हाळ्यात अशा तरुणांसोबत माझा काही काळ जातो. हा पाठ प्रथम त्यांच्यासाठी आणि मग पालकांसाठी आहे.

या तरुणांना इंग्रजीत ‘काउन्सिलर’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘समुपदेशक’ होते, आणि ते या कामाला मुळीच शोभत नाही. शिबिरातील मुलाला उपदेश नको असतो. त्याची चप्पल सापडत नसते, पोटात दुखत असते, कोणी तरी त्याची टोपी पळविलेली असते. आम्ही ‘सोबती’ म्हणतो. परंतु याहून नेमका शब्द हदीसमध्ये आहे : ‘राई’, म्हणजे मेंढपाळ. तुमच्यातील प्रत्येक जण राई आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आदरणीय प्रेषित (स.) यांनी स्वतः तरुणपणी मक्केतील लोकांची मेंढरे मजुरीवर राखली होती, म्हणजे दुसऱ्यांची मेंढरे. गावची गुरे नेणारा गुराखी संध्याकाळी ज्याचे जनावर त्याच्या गोठ्यात पोहोचवितो. शिबिरातील मूलही असेच दुसऱ्याचे असते. मराठीतील ‘अनामत’ हा शब्द मूळच्या ‘अमानत’चेच रूप आहे. फरक इतकाच, की दुकानदाराकडे ठेवलेल्या अनामत रकमेतील नोट बदलली तरी चालते.

आता सूरह यूसुफकडे पुन्हा वळू. आयतींत दोन शब्द समोरासमोर ठेवलेले आहेत. भाऊ स्वतःला ‘हाफिज’ म्हणवितात आणि पित्याला भीती वाटते ते त्यांच्या ‘गाफील’ असण्याची. ‘गाफील’ तर मराठीने जसाच्या तसा घेतला आहे. ‘हाफिज’ म्हटले की आपल्याला कुरआन मुखोद्गत असलेला मनुष्य आठवतो, आणि शिबिरातील सोबत्यांत असे हाफिज असतातही. परंतु या आयतीतील हाफिज म्हणजे राखण करणारा. कुरआन पाठ असलेला तरुण मुले खेळत असताना मोबाइलमध्ये मान घालून बसला, तर या दुसऱ्या अर्थाने तो गाफीलच होय. पित्याच्या बोलण्याचा रोख पाहावा. लांडगा येईल न येईल. तो आला तर तुमचे लक्ष नसताना येईल, हे त्यांना ठाऊक आहे.

भावांनी दिलेला भरवसा कशाचा होता, तर संख्येचा. आम्ही पुष्कळ आहोत! शिबिरांत नेमका हाच भरवसा घात करतो. शंभर मुले आणि पंधरा सोबती असले, की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहत असेल. म्हणून कोणती मुले कोणाची हे पहिल्याच दिवशी नावानिशी ठरले पाहिजे. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर जे शिबिर घेतले आणि ज्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली, त्यात मुले वीसेकच होती. तरीही त्यांचे चार गट पाडले होते. (त्यांपैकी एका गटाचे नाव ‘लांडगे’ होते, हा निव्वळ योगायोग.) आमच्या शिबिराची मुले सकाळच्या गारव्यात पाणचक्कीला जातात. कित्येक मैलांवरून जमिनीखालून आणलेले पाणी तेथे उंचावरून पडताना पाहून मुले हरखून जातात आणि हौदाकडे धावतात. तेथे डोकी मोजून भागत नाही. बाहेरचे एखादे पोर मिसळले की बेरीज बरोबर येते आणि आपले मूल मागे राहते. नावे घ्यावी लागतात. निघताना, पोहोचल्यावर, पाण्याजवळून उठताना आणि परतल्यावर. मे महिन्यातील मराठवाड्याचे ऊन पाहता साडेदहानंतर मुले सावलीत असावीत, आणि मुलाने पाणी मागण्याची वाट पाहू नये.

निवासी शिबिरासाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती ह. मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांची हदीस. बुखारीत ती आहे, आणि नमाजच्या प्रकरणात आपण ती नेहमी ऐकतो, परंतु तिच्या पूर्वार्धाकडे आपले लक्ष जात नाही. साधारण एकाच वयाचे काही तरुण दीन शिकण्यासाठी मदीनेत आले आणि वीस रात्री राहिले. आदरणीय प्रेषित (स.) यांना जाणवले, की यांना आता घरची ओढ लागली आहे. मालिक (रजि.) सांगतात, की प्रेषितांनी आम्हाला घरी कोणाकोणाला सोडून आलात ते विचारले, आम्ही सांगितले, ते फार मृदू आणि दयाळू होते. मग त्यांनी आम्हाला घरी परतण्यास, घरच्यांना शिकविण्यास, आणि मला नमाज अदा करताना पाहिले तशी नमाज अदा करण्यास सांगितले.

येथे थोडे थांबावे. त्या तरुणांनी तक्रार केली, रडले, जेवण सोडले, असे हदीसमध्ये काहीच नाही. शिकविणाऱ्यानेच ओळखले. शिकवण देणारे कोण होते याचा विचार करावा. त्यांच्याहून मोठा शिक्षक नाही आणि मदीनेहून उत्तम शिकण्याची जागा नाही. तरीही आई-बापाची आठवण हा ईमानचा उणेपणा मानला गेला नाही. आपल्या शिबिरांत काय होते? दुसऱ्या रात्री एखादे दहा वर्षांचे मूल पोट दुखते म्हणते. औषध देऊनही दुखणे थांबत नाही, कारण ते पोटात नसतेच. मग कोणी त्याला ‘रडका’ म्हणतो, कोणी ‘मर्द बन’ असा सल्ला देतो. सुन्नत वेगळे सांगते. घरी कोण कोण आहे, धाकटी बहीण काय करते, अम्मी झोपताना काय सांगते, हे त्याला विचारावे. पुष्कळदा एवढ्याने मूल शांत होते. न झाले तर घरी फोन लावून द्यावा, आणि तरीही न झाले तर अब्बांना बोलावून सन्मानाने पाठवावे. उरलेले पाठ पुढच्या वर्षी होतील. घरून फोन आला तर मुलाचे मन विचलित होते, म्हणून फोनबंदी करणारी शिबिरे आहेत. मला ही शिस्त पटत नाही.

चूक सुधारण्याच्या रीतीविषयी थोडक्यात. ह. उमर बिन अबी सलमा (रजि.) लहान असताना जेवणाच्या थाळीत त्यांचा हात चौफेर फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खाण्यास सांगितले. काय करू नये याची यादी नाही, ओरडणे नाही. काय करावे ते तीन छोट्या वाक्यांत. पुढे आयुष्यभर ते तसेच जेवत राहिले. ह. अनस (रजि.) यांना एकदा कामाला पाठविले असता ते वाटेत खेळणाऱ्या मुलांपाशी रेंगाळले. प्रेषितांनी मागून येऊन त्यांची मान धरली, अनस वळून पाहतात तो ते हसत होते. आणि ‘उनैस’ या लाडक्या रूपाने हाक मारून सांगितलेल्या ठिकाणी गेलास का, एवढेच विचारले. दहा वर्षांच्या सेवेत एकदाही ‘उफ्’ ऐकले नाही, असे याच अनस (रजि.) यांचे सांगणे आहे. मुलांवर हात उगारणाऱ्या सोबत्याने कोणत्या उस्तादांचे उदाहरण पुढे करावयाचे, ते आधी ठरवावे. शाळेत मुलांना मारण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. शिबिराने त्याहून खालची पातळी का राखावी?

आणखी एक गोष्ट, जी बोलताना आपली जीभ अडखळते. यूसुफ (अ.) यांचे भाऊ संध्याकाळी रडत परतले, तेव्हा त्यांच्या हातात खोटे रक्त लावलेला सदरा होता. दुर्घटना झाकण्यासाठी रचलेल्या गोष्टीचे ते चिन्ह आहे. शिबिरात मूल पडले, भाजले, थोडा वेळ हरवले, तर त्याच दिवशी घडले तसे पालकांना सांगावे. आणि एखाद्या मुलाने, अमुक माणसाने मला नको तसा स्पर्श केला, असे सांगितले तर? तेव्हा शिबिराची, मशिदीची, मदरशाची बदनामी होईल म्हणून त्याला गप्प करणे हा तोच रक्ताचा सदरा होय. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. 1098 या क्रमांकावरही मदत मिळते. मुलाचे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, पालकांना त्याच दिवशी बोलवावे. आरोप असलेली व्यक्ती कितीही आदरणीय असो, तिला तत्काळ मुलांपासून दूर करावे. कोणत्याही सोबत्याने एकाच मुलासोबत बंद खोलीत राहू नये, हा नियम आरंभीच असावा. त्यात मुलाचे रक्षण आहे आणि सोबत्याचेही.

आता पालकांकडे. पुढे बिन्यामीनला नेण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा ह. याकूब (अ.) यांनी मुलांना पहिल्या विश्वासाची आठवण दिली, अल्लाहच सर्वोत्तम रक्षणकर्ता आहे असे म्हटले, आणि तरीही अल्लाहची शपथ घेऊन पक्का करार केल्याशिवाय पाठविणार नाही, असे बजावले (आयत 64 ते 66). अल्लाहवरील भरवसा आणि माणसांकडून घेतलेले वचन, पैगंबरांच्या घरात दोन्ही एकत्र नांदले. तेव्हा मौलाना ओळखीचे आहेत, कसे विचारावे, हा संकोच सोडावा. माझ्या मुलाच्या गटाचा सोबती कोण, रात्री तेथे मोठे कोण असते, पाण्याच्या जागी नेणार का, मूल आजारी पडले तर कोणत्या दवाखान्यात, त्याच्याशी केव्हा बोलता येईल, हे विचारावे आणि उत्तरे लिहून घ्यावीत. प्रश्नांनी ज्याला राग येतो त्याच्या शिबिरात मूल पाठवू नये. शेवटच्या दिवशी मुलाला न्यायला कोण येणार, त्याचे नाव नोंदवहीत आधीच असावे. दुसराच कोणी आला, अगदी सख्खा मामू असला आणि मूल त्याच्याकडे धावत गेले, तरी सोबत्याने आधी घरी फोन लावावा आणि तोवर मुलाचा हात सोडू नये.