चांदीपुरा ताप : घराच्या भिंतीत आणि हातातल्या तासांत

1965 साली नागपुरात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला नागपूरच्याच चांदीपुरा या गावाचे नाव दिले. ते रुग्ण तापाचे होते, मेंदूज्वराचे नव्हते; त्यामुळे पुढे बरीच वर्षे या विषाणूची फारशी धास्ती कोणी घेतली नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुले आजारी पडून त्यांतली 183 दगावली, महाराष्ट्रालाही त्या वर्षी झळ बसली, 2007 मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली, आणि तेव्हा कुठे या आजाराचे खरे रूप ध्यानात आले.

विदर्भातल्या घरांनी जीव गमावून शिकलेला धडा वेळेचा आहे. खेळते मूल दुपारनंतर तापाने फणफणते, उलट्या होतात, रात्री आकडी येते, मूल हाकेला ओ देईनासे होते, आणि पुष्कळदा 24 ते 48 तासांत सारे संपते. ‘ताप डोक्यात गेला’ असे म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, अंगारा लावणे यांत हाती असलेले मोजके तास निघून जातात. या विषाणूवर नेमके औषध वा लस नाही; परंतु आकडी थांबवणे, मेंदूची सूज उतरवणे, श्वास चालू ठेवणे एवढे वेळेवर झाले, तर वाचण्याची आशा असते. म्हणून पावसाळ्यात तापासोबत उलटी, आकडी किंवा गुंगी दिसताच, बाहेर झडी लागलेली असली तरी, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात, नागपूरकरांच्या भाषेत मेडिकल किंवा मेयोत, न्यावे. आकडीत मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये.

हा विषाणू मुख्यत्वे वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, पसरवते. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, मातकट रंगाची असते. बसताना पंख उभे ठेवते, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते आणि चावताना आवाज करत नाही. चावते ती फक्त मादी, तीही बहुधा तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. डासांसारखी ती साचलेल्या पाण्यात वाढत नाही; मातीच्या भिंतीच्या ओलसर भेगा, जनावरांचा कोठा, शेणाचा ढीग, कुजलेला पाला ही तिची जागा. त्यामुळे डेंग्यूसाठी शिकवलेला ‘कोरडा दिवस’ येथे पुरा पडत नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरते; कीटकनाशक लावलेली मच्छरदाणीच कामाची. मुलांना जमिनीवर न निजवता खाटेवर, अंगभर कपड्यांत निजवावे.

खरे काम भिंतीचे आहे. भेगा लिंपून घ्याव्यात, शेणखत घरापासून दूर न्यावे, आणि आरोग्य कर्मचारी फवारणीला आले की त्यांना घरात आणि कोठ्यातही येऊ द्यावे. फवारलेले औषध भिंतीच्या पृष्ठभागावर राहते आणि तिथे बसलेली माशी मरते. मात्र सणासाठी भिंत पुन्हा सारवली की औषध लेपाखाली दडते आणि फवारणी वाया जाते. यासाठी सारवण व रंगरंगोटी फवारणीच्या आधी उरकावी आणि नंतर निदान अडीच महिने भिंतीला हात लावू नये.