थांबलेले हृदय आणि बोरिंगची हापशी

आपल्या छातीत आपल्या मुठीएवढे हृदय असते. मोठ्या माणसाचे हृदय बसल्या जागी मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देते. तेवढ्यात ते सुमारे 5 लिटर रक्त अंगभर फिरवते. म्हणजे घरातली तेलाची 5 लिटरची कॅन एका मिनिटात रिकामी करून पुन्हा भरल्यासारखे.

हे मी का शिकलो ते सांगतो. मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत माझे मोठे बाबा पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन जाता जाता बांधीतच पडले. सगळे धावले. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले. बंडीत घालून सडकेपर्यंत नेले, पण तोवर ते गेले होते. छातीला मात्र कोणी हात लावला नाही. लावायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे उपकेंद्रातल्या सिस्टर शाळेत आल्या तेव्हा मी विचारले, "छाती दाबली असती तर मोठे बाबा वाचले असते का?" त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "वाचलेच असते असं नाही सांगता येत, बाळा. पण थोडी आशा होती."

हृदय थांबले की मेंदूला रक्त मिळत नाही. चार-पाच मिनिटांतच मेंदू बिघडू लागतो. म्हणून बाहेरून कोणीतरी हृदयाचे काम करायचे. ही युक्ती अमेरिकेत बाल्टिमोर शहरात सापडली. तिथे कौवेनहोवेन नावाचे गृहस्थ थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देण्याचे यंत्र करत होते. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनीअर होते! त्यांचे विद्यार्थी निकरबॉकर यांनी कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबून धरल्या, तर वीज देण्याआधीच रक्ताचा दाब वाढलेला दिसला. म्हणजे नुसत्या दाबण्याने रक्त हलते. 1960 साली त्यांनी आणि डॉक्टर ज्यूड यांनी हे छापून सगळ्यांना सांगितले.

मग सिस्टरांनी आम्हाला कोडे घातले. "दाबलं की रक्त हृदयातून बाहेर जातं. मग पुढच्या वेळी दाबायला आत रक्त येतं कुठून?" वर्ग गप्प. मला शाळेपुढची हापशी आठवली. दांडा पुरता खालीवर केला तर भडाभडा पाणी येते. आम्ही लहान पोरे घाईने अर्धाच दांडा हलवतो, तेव्हा नुसता आवाज होतो आणि घागर भरत नाही. छातीचेही तसेच आहे म्हणे. दाबल्यावर ती पूर्ण वर येऊ दिली तरच हृदयात रक्त भरते. अंगावर रेलून राहिले की हृदय अर्धेच भरते. नीट दाबले तरी रक्त नेहमीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढेच फिरते.

मग छाती वर ओढता आली तर? याची गोष्ट गुरुजींनी सांगितली, ती ऐकून सगळे हसले. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एका माणसाचे हृदय थांबले. त्याच्या मुलाने संडास तुंबल्यावर वापरतात तो दांड्याचा रबरी वाडगा बापाच्या छातीला लावून दाबला आणि ओढला. बाप वाचला! 1990 साली डॉक्टर कीथ लुरी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे छापले. त्यावरून पुढे छातीला चिकटणारा स्वच्छ पंप तयार झाला.

लुरींनी आणखी एक लहान झडप केली. ती श्वासाच्या मास्कला लावतात. छाती वर येताना ही झडप हवेला आत घुसू देत नाही. यासाठी होळीची पिचकारी घ्या, तोंडावर बोट ठेवा आणि दांडा ओढा. बोट आत ओढले जाते ना? तशीच छातीत ओढ तयार होते आणि रक्त हृदयाकडे खेचले जाते. 2011 साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत नुसत्या हातांनी दाबल्यावर शंभरात 6 माणसे चांगल्या शुद्धीत घरी गेली, पंप आणि झडप दोन्ही वापरल्यावर 9. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत नुसती झडप लावून काही फायदा दिसला नाही. माझा मित्र म्हणाला, "तीनच तर वाढले." मला तीन कमी वाटले नाहीत.

असली यंत्रे आमच्या गावात नाहीत. पण वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत (1982 पर्यंत आपलाच जिल्हा होता) डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी गावातल्या बायांना जन्मलेल्या बाळाचा श्वास सुरू करायला शिकवले. ते काम हृदयाचे नाही, श्वासाचे आहे. मास्क आणि हवेची पिशवी त्या आरोग्यदूत बाया हाताने चालवत. 39 गावांत काम झाले आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मरण 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ते परदेशातल्या मोठ्या मासिकात छापून आले. त्या बायांचे शिक्षण पाचवी ते दहावी होते. मी पुढच्या वर्षी पाचवीत जाणार.

पालकांनो, माणूस हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल (अधूनमधून आचके देणे म्हणजे श्वास नव्हे), तर एकाने 108 ला फोन करावा. दुसऱ्याने कडक जागेवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवावे आणि सुमारे 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण हात भरून येतात.

मी उशीवर करून पाहिले. सिस्टर म्हणाल्या, "तुझं वजन चोवीस किलो, मोठ्या माणसाची छाती तुझ्यानं पुरती नाही दबणार. तू मोज." म्हणून आता घरी बाबा उशी दाबतात आणि मी बाजूला बसून मोजतो. बाबा घाई करतात, हात वर येऊच देत नाहीत. मग मी ओरडतो, "बाबा, वर! हापशी पुरी वर!"