वेढ्यांचा हिशोब

गिटारचा नाद आज नाना उपकरणांतून ऐकू येतो. तरीही अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५५ ते १९६० या काळात काढलेल्या '५ई३ डिलक्स' या लहानशा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची नक्कल करण्याची हौस अजून ओसरलेली नाही. माझ्या एका गिटारवादक मित्राला हीच हौस लागली. माझ्या वडिलांचा मोटर रिवाइंडिंगचा धंदा. म्हणून आउटपुट ट्रान्स्फॉर्मरचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा विद्यार्थी. या अभ्यासात जे कळले आणि जे चुकले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हा ट्रान्स्फॉर्मर लागतोच कशाला? व्हॉल्व्ह जास्त दाबाचा पण थोडा प्रवाह देतो; लाउडस्पीकरला कमी दाबाचा पण भरपूर प्रवाह हवा असतो. या दोघांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर होय. डिलक्समध्ये '६व्ही६' जातीचे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात. जुन्या तक्त्यांप्रमाणे अशा जोडीला २८५ व्होल्टवर ८,००० ओहमचा भार दिल्यास सुमारे १४ वॅट शक्ती मिळते. लाउडस्पीकर मात्र ८ ओहमचा. म्हणजे प्रमाण हजारास एक.

येथेच मी फसलो. वेढ्यांचे प्रमाणही हजारास एक, असे मी वडिलांना मोठ्या ऐटीत सांगितले. सातवीपर्यंत शिकलेल्या आण्णांना इंग्रजी तक्ता वाचता येत नाही. त्यांनी गाभा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "अरे, स्पीकरच्या बाजूला ऐंशी वेढे धरले तर दुसरीकडे ऐंशी हजार होतात. एवढी तार यात मावायची कुठे? तुझं पुस्तक पुन्हा बघ."

पुस्तक पुन्हा पाहिले. वेढ्यांच्या प्रमाणात दाब कमी होतो आणि त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो. ओहम म्हणजे दाब भागिले प्रवाह. म्हणून ओहमचे प्रमाण हे वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग असते. हजाराचे वर्गमूळ ३१.६. ऐंशी वेढ्यांना सुमारे २,५३० वेढे पुरतात!

यावरून आणखी एक गोष्ट कळते. ट्रान्स्फॉर्मरला स्वतःचे ८,००० ओहम नसतात. तो केवळ प्रमाण राखतो. त्याच ट्रान्स्फॉर्मरला ४ ओहमचा स्पीकर जोडला तर व्हॉल्व्हला ४,००० ओहमच दिसतात.

निवड करताना इतर बाबीही पाहाव्यात. दोन व्हॉल्व्हच्या रचनेत गुंडाळीच्या मध्यातून जोड काढतात; दोन्ही अर्ध्या भागांतील एकदिश प्रवाह परस्परांचा परिणाम खोडतात. एकाच व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये तसे होत नाही, म्हणून गाभ्यात बारीक फट ठेवावी लागते. हे दोन प्रकार परस्परांऐवजी वापरू नयेत. गाभा फार लहान असेल तर खालचे स्वर दुबळे होतात; गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही गुंडाळ्या थराआड थर घातल्यास वरचे स्वर स्वच्छ राहतात. मात्र जुना नाद हवा असेल तर सर्वांत मोठा ट्रान्स्फॉर्मर शोधू नये. लहान गाभा जोराच्या वादनात किंचित दबतो, आणि तो दबणेही त्या नादाचाच भाग आहे.

एक इशारा. या यंत्रात तीनशेहून अधिक व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. जाणत्या माणसावाचून हात घालू नये. स्पीकर जोडल्याशिवाय ते चालवूही नये. दाब उसळून गुंडाळीचे इन्सुलेशन फुटू शकते.

आमचा ट्रान्स्फॉर्मर तयार झाल्यावर स्पीकरच्या बाजूला १ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब देऊन दुसरीकडे मोजला. मीटरने ३१ च्या पुढचा आकडा दाखवला. आण्णांनी विचारले, "बरोबर आलं का?" मी हो म्हणालो. वर्गमूळ मला महाविद्यालयामुळे सापडले खरे. पण ते शोधायला हवे, हे मला घरी कळले.